दहापैकी दहा गुणांचे खोटे

"घ्या ना, बाई! खडूची भुकटी घातलेलं ताजं चीज. उरलं तर फळ्यावर लिहा!"

रुक्सांदा थबकली. नीस्त्रू नदीवरून येणाऱ्या भुरभुर पावसातही सगळा बाजार गजबजला होता. या एका गाळ्यासमोर मात्र चिटपाखरू नव्हते. मेंढीच्या दुधाच्या चीजचे पांढरे गोळे मांडून बसलेल्या त्या तरुणाच्या डोळ्यांत विनोदाचा मागमूस नव्हता.

"असं कोण म्हणतं?"

"अख्खं गाव!" त्याने मोबाइल पुढे धरला. "दोन मुलं दवाखान्यात, म्हणे. कुठली मुलं? कुठला दवाखाना? विचारतंय कोण! पुढे ढकलायला मात्र सगळ्यांचे अंगठे तयार."

लाल मथळा, रडणारी आई, कोपऱ्यात हाच गाळा... रुक्सांदाने ते चित्र लगेच ओळखले. अपप्रचार कसा घडवतात हे उमगावे म्हणून नववीच्या वर्गाला तिनेच एक खोटी बातमी रचायला सांगितली होती. या चित्राला तिने दहापैकी दहा गुण दिले होते. गाळा खराच कुणाचा आहे का, एवढे विचारायचे मात्र तिला सुचले नव्हते.

"हे... माझ्या वर्गात तयार झालंय, कुणा मुलाकडून बाहेर गेलं असणार. मी शिक्षिका आहे."

तो ताडकन उठला. "म्हणजे खोटं ओळखायला शिकवता, आणि सरावाला या दोरिनचं पोट? शनिवारी माल खपला नाही, तर मेंढ्या विकाव्या लागतील मला!"

"ओरडा. माझी चूकच आहे."

"ओरडणारच! आणि असं डोळ्यांत पाणी आणून बघू नका — धड चिडताही येत नाही!"

शाळेत मुख्याध्यापिकेने बातमी खोटी असल्याच्या जाहीर खुलाशाला साफ नकार दिला. "शाळेचं नाव खराब होईल. आठवड्यात लोक बातमी विसरतील."

"बातमी विसरतील, मॅडम. चीज घ्यायचं नाही, हे नाही विसरणार!"

"बाजारात खुलासा करायला गेलात, तर सोमवारपासून हा वर्ग तुमचा नाही."

रुक्सांदाची कानशिले तापली. शनिवारी ती मुलांसह गाळ्यापुढे उभी राहिली. चित्रातला कुठला तुकडा कुठून उचलला, हे मुलांनीच सांगितले. ती आई रडत होती ती फुटबॉलचा सामना हरल्यामुळे, हे ऐकून लोक हसले.

"हसू नका!" रुक्सांदा कडाडली. "आमची चूक आम्ही कबूल केली. तुमच्यापैकी एकानं तरी पुढे पाठवण्याआधी दोरिनला विचारलं?"

अखेर एक म्हातारी पुढे सरकली. "अर्धा गोळा दे रे, पोरा. आणि माझ्याकडे असा बघू नकोस. मी फक्त सुनेला पाठवलं होतं."

संध्याकाळपर्यंत निम्मा माल खपला.

"मुलं म्हणत होती... वर्ग गेला तुमचा?" दोरिनने विचारले.

"गेला."

"वेड्या आहात." तो घुटमळला. "आठवडाभर मनात तुमच्याशी भांडत होतो... मग भांडण संपलं, तरी तुम्ही मनातून जाईना. आवडता तुम्ही मला."

"यात फायदा कुणाचा?" ती गंभीरपणे म्हणाली. "मुलांना पहिला प्रश्न हाच विचारायला शिकवते मी."

"माझा. सगळाच्या सगळा."

"दुसऱ्या कुणाकडून तरी खात्री करून घ्यावी लागेल..."

"माझ्या आईला विचारा. उद्या जेवायला या. ती माझ्यावर कायम चिडलेली असते, खरं तेच सांगेल."

"जेवणात चीज असेल ना?"

"ढीगभर!" तो पुन्हा उसळला. "खपलंय कुठे सगळं!"

रुक्सांदाने ओल्या बाह्या वर सारल्या आणि त्याच्या बाजूला जाऊन उरलेले गोळे टोपलीत भरायला घेतले.