बाळंतिणीच्या खोलीतला जोड

काशिनाथ पोस्टातून निवृत्त होऊन तारकर्लीच्या वाटेवरच्या आपल्या घरी परतला, त्याच साली वाडीच्या तोंडाशी विजेचे खांब उभे राहिले. साठ सालानंतरची गोष्ट. घराची कौलं बदलायची होतीच, मागच्या पडवीला भिंत घालून एक खोली काढायची होती, तेव्हा वायरिंगही आत्ताच करून घेऊ असं त्याने ठरवलं. लाईन चालू व्हायला पाऊस उजाडणार होता, पण म्हणून काय झालं? तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला हा माणूस नव्हता.

वायरिंगच्या कामाची मात्र त्याला धास्ती होती. मुंबईत त्याच्या चाळीत शेजारची बाई इस्त्री लावताना भिंतीला चिकटून गेली होती. पुढे भिंत फोडली तेव्हा आत काय निघालं? दोन तारा नुसत्या पीळ मारून सोडलेल्या, वर टेपसुद्धा नाही. ते काळं पडलेलं टोक त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि दिवा तर हवाच होता. त्याची एकुलती एक मुलगी सुगंधा वेंगुर्ल्याच्या सासरहून बाळंतपणाला यायची होती. तिचं हे दुसरं. पहिल्या वेळी याच घरात ऐन घटकेला वाऱ्याने कंदील विझला, सुईण अंधारात चाचपडत राहिली, आणि काडी पेटेपर्यंत पोर निळं पडलं होतं. तेव्हा काशिनाथ मुंबईत होता. सुगंधाचं ते रडणं त्याने ऐकलं नाही, पण बायकोच्या, रुक्मिणीच्या तोंडून ऐकलं तेवढं त्याला जन्माला पुरलं. नवी खोली तिच्यासाठीच होती. लाईन वेळेत आली तर बरंच, म्हणून तो रोज देवाला हात जोडत होता.

कामाला हात लावण्याआधी रिवाजाप्रमाणे राखणदाराला, खांद्यावर कांबळं टाकून रात्री जागा राखत फिरतो म्हणतात त्याला, गाऱ्हाणं घालून झालं. भावकीतल्या थोरल्या दाजींनी अंगणात नारळ ठेवला, बायाबापये भोवती उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या थळाच्या राखणदारा! लेकरान घराक हात घातलोहा. चुकला माकला असात तां पदरात घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काशिनाथ हळूच दाजींच्या कानाला लागला. वायरिंगचंही सांगा म्हणाला. दाजींनी एकदा त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं, पण घातलं गाऱ्हाण्यात.

"आनी ह्या वायरीच्या कामात काय वाकडां तिकडां झाला, तर तां तुयाच उघडां पाडून सुदारून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले आणि हसलेही. वायरमन भिकाजी तर पोट धरून हसला.

हा भिकाजी मालवणच्या बाजारातला. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. लाकडी पट्ट्यांच्या खाचेतून वायर अशी सरळ नेई, की बघणाऱ्याने वाहवा करावी. आठवडाभरात अर्धं घर झालं.

मग एका सकाळी ओटीवरचा तारांचा जोड उघडा सापडला. पट्टीचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं, टेप सोडवून गुंडाळलेली, आणि स्क्रू उंबऱ्यावर एका ओळीत मांडलेले.

"काका, तुमीच खोलून बगतास काय?" भिकाजी वैतागला. "इस्वास नाय तर तसां सांगा!"

काशिनाथचं लक्ष तारांकडे होतं. दोन पीळ, तेही सैल. "माझा हात लागलेला नाही," तो म्हणाला. "पण हा जोड कोणाचा रे, भिकाजी? हाच ना तुझा वीस वर्षांचा अनुभव?"

भिकाजीने मान खाली घातली आणि जोड नीट मारून दिला. तो पुन्हा उघडला नाही. चार दिवसांनी स्वयंपाकघरातला उघडला, मग देवघरातला. उघडायचा तो कच्चाच. पक्क्याला धक्का नाही.

काशिनाथ पोस्टातला माणूस, मोहोर तपासल्याशिवाय पाकीट हातात न घेणारा. त्याने एक दिवस मुद्दाम भिकाजीकडून माजघरात दोन जोड मारून घेतले. एक चोख, एक उरकलेला. दुपारी रुक्मिणी माहेरी गेली, भिकाजी जेवायला गेला. मागचं दार आतून लावून काशिनाथ पुढच्या उंबऱ्यावर पेपर घेऊन बसला. चैत्रातलं ऊन मी म्हणत होतं. माडाची झावळ हलत नव्हती.

आतून आवाज आला. स्क्रू फिरत होता. सावकाश, अर्धा फेरा, थांबून पुन्हा अर्धा. सवडीने काम करणाऱ्या माणसासारखा.

काशिनाथ उठून आत गेला. माजघरात कोणी नव्हतं. उरकलेला जोड उघडा होता, आणि जमिनीवर शेवटचा स्क्रू अजून डुलत होता. त्या रणरणत्या दुपारी खोलीत ओल्या कांबळ्याचा वास भरून राहिला होता.

त्याने भिकाजीला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही उरली नव्हती. तो हसायचा बंद झाला होता आणि प्रत्येक जोडाला कथील वितळवून डाख देत होता. अर्थिंगचा खड्डासुद्धा त्याने आपणहून पुरुषभर खणला, मीठ-कोळसा भरला. घराचं काम असं झालं की सरकारी बंगल्यात व्हायचं नाही. भीती वाटत असतानाही काशिनाथला मनातून बरं वाटलं. फुकटचा मुकादम मिळाला, असं स्वतःशीच म्हणून तो हसलासुद्धा.

राहिली बाळंतिणीची खोली. तिथला जोड काशिनाथने शेजारी उभं राहून मारून घेतला. ओढून बघितला, कंदील जवळ धरून बघितला. नाव ठेवायला जागा नव्हती.

सकाळी तो उघडा होता.

पुन्हा मारला. पुन्हा उघडला. तिसऱ्या खेपेला पट्टीच भिंतीवर नव्हती. वायर नीट वेटोळं करून खिळ्याला अडकवलेली, पट्ट्या कोपऱ्यात रचलेल्या. भिंतीवर होल्डरचा लाकडी गोल ठोकळा तेवढा उरला होता.

"माका ह्या खोलीचा काम नको," भिकाजी म्हणाला आणि पिशवी उचलून निघून गेला.

रुक्मिणी खवळली. "सगळ्या घराक उजेड, आनी माझां चेडू काळोखात बाळंत होवचां? आदी एक गेला, तां पुरां नाय झाला?"

काशिनाथ तसाच दाजींकडे गेला. दाजी सुपारी कातरत होते. ऐकून त्यांचा अडकित्ता थांबला.

"जोड बरो होतो म्हणतंस?"

"बरो होतो, दाजी. माझ्या डोळ्यांदेखत मारलो."

"मगे ती खोली राखणदारान आपल्याकडे घेतल्यान," दाजी म्हणाले. "आता थंय हात घालू नको."

काशिनाथने हात घातला नाही. त्याने नवा कंदील आणला, दुसरा शेजाऱ्यांकडून मागून ठेवला.

लाईन आली नाही. सुगंधा मात्र माहेरी आली आणि दिवस भरण्याआधीच अडली. वैशाखातली पहाट होती, वळवाचं वारं सुटलं होतं, समुद्र गाजत होता. आत सुईण आणि रुक्मिणी. काशिनाथ ओटीवर बसून होता. वारं कौलांवर चढलं की त्याचा जीव गोळा होई. काळोखात त्याला समोरची तुळस दिसत नव्हती. पोरीची एक किंकाळी आली, आणि पाठोपाठ दुसरं, बारीक रडणं. तो ढसाढसा रडला, अगदी लहान पोरासारखा.

उजाडता उजाडता रुक्मिणी बाहेर आली. घामाने भिजली होती, पण चेहरा फुलला होता.

"चेडू झालां. नाळ मानेक गुंडाळलेली हो! ऐन वक्ताक दोनय कंदील इजले. तुमी दिवो लावलास, म्हणान सुईणीक दिसला आनी पोर वाचला."

खांबावरची तार अजून घरापर्यंत आलेली नव्हती.

"खंयचो दिवो?" काशिनाथने विचारलं.

"असां काय करतास? भिंतीवरचो!" ती चूल पेटवायला निघालीसुद्धा.

तो खोलीच्या दारात गेला. आत पहाटेचा राखाडी उजेड होता. कंदिलांच्या काचा काळ्या, थंड. सुईण परसात गेली होती, सुगंधा शांत झोपली होती. भिंतीवर तोच लाकडी ठोकळा. होल्डर नाही, वायर नाही. त्याने बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. ठोकळा भाजत होता.

ओल्या कांबळ्याचा वास आला.

बाळ जागं होतं. टक्क डोळे उघडून ते त्या ठोकळ्याखालच्या मोकळ्या जागेकडे बघत होतं. मग त्याची नजर हलली. भिंतीवरून खाटेच्या पायथ्याशी, तिथून जमिनीवरून सावकाश पुढे, दाराच्या रोखाने, काशिनाथच्या दिशेने.

काशिनाथ दारातून बाजूला झाला आणि त्याने वाट दिली.