यंत्रामागून आलेले उत्तर

ही हकिगत घडलेली आहे. भुतांवर माझा विश्वास नव्हता. आजही वादात तो मी सहजासहजी कबूल करणार नाही. परंतु जे या कानांनी ऐकले, ते खोडून काढायला माझ्यापाशी एकही मुद्दा उरलेला नाही.

वेळ दुपारी तीनची. स्थळ, परदेशातील एका शहरातले पुस्तकबांधणीचे वर्कशॉप.

त्या शहरात मी नऊ वर्षे काढली, आणि पुढची बारा त्याच्या आठवणीत. म्हणून लंबूचे पत्र आले, 'दोन वर्षं वर्कशॉप बंद आहे, आता तू सांभाळ,' तेव्हा मी इथले घर रिकामे केले. पत्नीचा होकार मिळवायला दोन महिने वाद घालावा लागला.

लंबू माझा जुना जोडीदार. कागद कापायचे यंत्र आम्ही दोघे चालवत असू. पुढचा दांडा ओढून पाते खाली आणणार, मागचा कागदांचा गठ्ठा सरळ करणार. मधल्या लोखंडी चौकटीमुळे एकमेकांचे हात दिसत नसत.

म्हणून एक नियम होता. पुढच्याने विचारायचे, "हात?" मागच्याने सांगायचे, "बाहेर!"

त्याशिवाय दांडा ओढायचा नाही.

लंबू वर्कशॉपच्या दाराशीच भेटला.

"पंडित, केस गेले की रे सगळे! वाद घालून घालून?"

"तुझी उंची तेवढीच आहे. अक्कल वाढली का?"

तो हसला, पण ओठांपुरताच. किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"तू नाही येत आत?"

"वहिनींना तूच दाखव. मी समोर बेकरीत बसतो."

पाहुण्यांना आत धाडून स्वतः रस्त्यावर थांबणारा यजमान मी प्रथमच पाहत होतो. शंकेची पाल चुकचुकली.

आत पुस्तके चिकटवायच्या सरसाचा ओळखीचा वास होता. सारे जागच्या जागी. फक्त धूळ… कुठेच नव्हती.

पात्याला ताजे तेल दिलेले होते. खाली गठ्ठाही लावलेला.

पत्नीला नियम समजावून यंत्रामागे उभे केले. जुन्या हौसेने दांडा धरला.

"हात?"

यंत्रामागून उत्तर आले.

"बाहेर!"

लंबूचा आवाज. खर्जातला, तुटक.

सवयीने दांडा अर्धा ओढला गेला. मग लक्षात आले, लंबू तर बेकरीत आहे.

मी थांबलो. वाकून पाहिले.

पत्नीचे दोन्ही हात पात्याखाली होते.

"हात काढ! अगं, मी विचारलं ना?"

"कुठे विचारलंत? 'गठ्ठा सरळ कर' म्हणालात, तेच करतेय की!"

मी तसे म्हणालो नव्हतो.

दोघे धावतच बेकरीत गेलो. लंबू कोपऱ्यात बसला होता. बेकरीवालीने शपथेवर सांगितले, तो जागचा हललेला नाही.

मी सारे सांगितले. थट्टा करतोस का, असे त्याने विचारले नाही. एवढेच विचारले,

"आवाज कोणाचा होता?"

"तुझा."

त्याने डाव्या हाताचा मोजा काढला. दोन बोटे नव्हती.

"दोन वर्षं झाली. मी यंत्रामागे होतो, हात गठ्ठ्यावर. नव्या कामगाराने विचारलं, 'हात?' मी तोंड उघडायच्या आत कोणीतरी 'बाहेर' म्हणालं."

"कोण?"

"तू."

"मी तेव्हा समुद्रापलीकडे होतो!"

"ठाऊक आहे. म्हणून तर पत्र लिहिलं. तू जिवंत आहेस की नाही, ते बघायचं होतं."

"आणि आम्हाला आत का पाठवलंस?"

त्याने मोजा पुन्हा चढवला. दुसऱ्या हाताच्या बोटांवर यंत्राच्या तेलाचे डाग होते.

"उठा," पत्नी म्हणाली. "या माणसाकडे पाणीसुद्धा प्यायचं नाही."

तिसऱ्या दिवशी आम्ही परतलो. ते शहर माझ्यापुरते संपले.

लंबू खोटे बोलला, असा युक्तिवाद मी अनेकदा रचून पाहिला. तो टिकत नाही. पत्नीने ऐकलेला आवाज माझा होता, आणि ती लंबूच्या कटात असणे शक्य नाही.

परवा शेजारच्या खोलीतून मी तिला हाक मारली. उत्तर आले नाही.

थोड्या वेळाने ती दारात आली… आणि तिथेच थांबली.

"आता परत म्हणा," ती म्हणाली. "माझ्याकडे बघून."

मी वाद घातला नाही. पुन्हा म्हणालो. ती माझ्या ओठांकडे पाहत होती.