पाकळी पडेना

गोवा घटक राज्य झाल्याला वर्ष होऊन गेले होते, पण पणजीहून पेडण्यावरून पार्सेला जाणारी बस अजून संघप्रदेशाच्याच वेगाने धावत होती. सगुणला जनेलाकडची, खिडकीजवळची जागा मिळाली होती. शेजारी येऊन बसलेल्या मुलीने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा जनेलाकडे... आणि तो मुकाट्याने उठून सरकला. का सरकलो, हे त्याला म्हापसा येईपर्यंत कळले नाही.

“तुम्ही काय करता?” तिने विचारले.

“दिल्लीला संशोधन. उत्तेजित अवस्था मोजतो.”

पुढच्या सीटवरच्या मावशीने अख्खी मान वळवली.

“आयनांची!” सगुण घाईने म्हणाला. “अणूतून इलेक्ट्रॉन काढला की आयन होतो. त्यांचा झोत करतो आम्ही...”

“मावशी, आयनांची हो!” मुलीने पुढे कळवले. मावशीचे समाधान झाले नाही. आयन हे कुणाचे तरी आडनाव असावे, असा तिचा चेहरा होता.

मुलगी देवकी. पार्सेची, पणजीच्या कचेरीत नोकरीला. सगुण पेडण्याचा, सुट्टीत घरी आलेला. प्रबंधासाठी रोज पणजीच्या ग्रंथालयात जायचा. म्हणजे पहिले दोन दिवस प्रबंधासाठी. पुढे परतीच्या बससाठी.

“सगळे आयन दिसायला सारखेच,” एकदा तो सांगू लागला. “वजन तेच, वेग तोच. पण काहींच्या पोटात जास्तीची ऊर्जा अडकून पडलेली असते. खाली उतरायची वाट जवळजवळ बंद, म्हणून तसेच धावत राहतात. बाहेरून कळत नाही.”

“मग मोजता कसे?”

“झोत वायूतून सोडायचा. उत्तेजित असतात ते पटकन वायूच्या कणांना भिडतात आणि झोतातून गळतात. शांत असतात ते लांब जातात. वायू वाढवत न्यायचा आणि पलीकडे किती पोचले ते पाहायचे.”

देवकीने विचार केला. “आमच्याकडे याला स्थळ दाखवणे म्हणतात. तीन मावश्या, एक आत्या. पलीकडे कोण शाबूत निघतो ते पाहायचे.”

“मग... निघाला का कोण?”

“निघालाय एक.” ती बाहेर पाहू लागली. “डिचोलीचा. खनिजाचे ट्रक आहेत. फार शांत माणूस. मी चहा दिला तर कपाला म्हणाला, ‘साखर बरी आहे.’”

सगुणला हसू आले नाही.

“उद्या सकाळी बाबा देवीला कौल लावणार,” ती हळूच म्हणाली. “उजवी पाकळी पडली की ठरले.”

“आणि... तुम्हाला...” सगुणच्या तोंडात वाक्य आले आणि त्याच वेळी पेडणेही आले. कंडक्टर ओरडला. सगुण उतरला. वाक्य तोंडातच राहिले.

रात्रभर त्याला झोप नाही. परवा दिल्लीची गाडी. सकाळी आईला ‘प्रवासासाठी देवीला नारळ ठेवतो’ असे सांगून तो पार्सेच्या देवळात येऊन खांबाला टेकला.

शंभूभटांनी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले, “माते, डिचोलीचे स्थळ देवकीला योग्य असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे!”

पाकळी पडेना. मावश्या ओठांतल्या ओठांत “उजवी, उजवी” करत होत्या. उजवी सूतभर घसरली... सगुण खांब सोडून पुढे सरकला... आणि ती पुन्हा चिकटली. झोतातले उत्तेजित कोण, हे शोधायला त्याला महिने लागत. देवळात असा एकच होता आणि तो कोण, हे आता समईलाही दिसत होते. देवकीने मात्र एकदाच पाहिले. त्याच्याकडे नाही, त्याच्या हातातल्या थरथरणाऱ्या नारळाकडे.

शेवटी शंभूभट वळले. “बाबुराव, देवी बोलेना. गाऱ्हाण्यात काहीतरी राहिले आहे.”

“काय राहिले?” देवकीचे वडील म्हणाले.

“माझे नाव.”

हे आपणच बोललो, हे सगुणला सगळ्यांच्या माना वळल्यावर समजले.

“अगो बाय!” बसमध्ये पुढच्या सीटवर बसलेली ती मावशी किंचाळली. “हा तर बसमधला उत्तेजितवाला!”

“तू कोण रे?” बाबुरावांनी विचारले.

“सगुण... पेडण्याचा. आयनांचा...”

“आयन? हे कुठले घराणे?”

“तसे नव्हे... म्हणजे... देवकी मला...” शंभूभटांना देवळात असली प्रकरणे नवी नव्हती. त्यांनी शांतपणे दोन ताज्या पाकळ्या उचलल्या. “बरे, घालतो नाव. पूर्ण सांग.”

“थांबा, भटमाम.” देवकी उठली. “देवीला कशाला पुन्हा त्रास? हे मला विचारायचे होते. विचारू दे त्याला.”

देवळात टाचणी पडली असती तरी मावश्यांनी तिला गप्प केले असते.

“देवकी,” सगुण म्हणाला, “माझ्याशी लग्न... करशील?”

तिने मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“करीन,” ती म्हणाली. “नारळ आधी खाली ठेव. पडेल.”

बाबुरावांनी मुलीचा चेहरा पाहिला आणि मान डोलावली. मग त्यांनी मूर्तीकडे बोट केले. “पण भटमाम, कौलाचे काय?”

शंभूभटांनी वाकून पाहिले. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी.

“देवी म्हणते, घरचे घरात मिटले, ते बरे झाले.”