जाफराबादचा पोपट बाराला आला

मी नुकतीच न्हाऊन आलेली. केसांतून पाणी टपकतंय, अंगावर माईचं विटलेलं पातळ, पुढ्यात पेटी... आणि दारातून आवाज आला, "जयभीम! पाणी मिळंल का?"

वर न बघताच मी ओळखलं. हा आवाज तीन वर्षं मी कर्ण्यातून ऐकत होते. संपत जाफराबादकर! मेला तीनला येणार होता. आत्ता कुठं बारा वाजले होते!

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. तेव्हा आमच्याकडं दोनच गायनपार्ट्या गाजत होत्या. एक संपत जाफराबादकरची आणि दुसरी बेबीनंदा टेंभुर्णीकरची, म्हणजे माझी. आम्ही एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं, पण भांडण मात्र जोरात. भीमजयंतीच्या कार्यक्रमात तो तिकडं गायचा —

"टेंभुर्णीच्या मैनेचा लई बोलबाला,
ताल चुकला म्हणून तबलजी रडला!"

आठ दिवसांत ते माझ्या कानावर यायचं, की मी इकडं सुरू —

"जाफराबादी पोपट लई उडतो वर,
सूर सापडंना, शोधतो घरोघर!"

लोक नुसते लोळायचे हसून.

आणि आज तोच पोपट मला बघायला येणार होता! याआधी दोन स्थळं येऊन गेली. दोघांनाही माझं गाणं फार आवडायचं, फक्त लग्नानंतर ते नको होतं. मी दोघांनाही नाही म्हटलं. दादा म्हणजे माझे वडील, शाळेत मास्तर. शेवटी तेही वैतागले. "बेबी, हे तिसरं. याला न्हाई म्हणलीस, तर चौथं मीच पक्कं करीन. तुला इचारणार बी न्हाई." असं बोलून ते, यष्टीचा नेम नाही म्हणून, आतापासूनच पाव्हण्यांना आणायला मोटारस्टँडवर गेले होते. माई, म्हणजे माझी आई, शेजारी कपबश्या मागायला गेली होती. घरात मी एकटी... आणि दारात हा.

मी मान वर केली. सावळा, उंच, गळ्याला मफलर... आणि डोळे हसरे. मला राग यायला हवा होता. आला नाही, याचाच राग आला.

"तुम्ही तीनला येणार होता ना?"

"आधीचीच यष्टी धरायचं ठरलं. काका तिनं मागून येऊन राह्यले. मला जीप भेटली, जल्दी आलो." तो ओट्यावर टेकला, माझ्या पेटीकडं बघितलं आणि मांडीवर ठेका धरून चक्क गायलाच लागला —

"दारी आला पाव्हणा, त्याला पाणी न्हाई दिलं,
एवढ्या मोठ्या गाणारणीचं काय बिघडलं?"

अगं बाई! माझ्याच ओट्यावर, मलाच सवाल? माझी बोटं आपोआप पेटीवर गेली.

"सांगून आला तीनचं, टपकला बाराला,
पाणी देते, आधी चपला काढा दाराला!"

त्यानं चपला काढल्या. मी तांब्या दिला. पाणी पिताना तो तांब्याच्या काठावरून माझ्याकडं बघत होता... मी पदर सावरला. उगीचच.

"मैना जवळून बरी दिसती," तो म्हणाला.

"पोपटबी लांबूनच जास्त ओरडतो जणू."

तो खळखळून हसला. हा माणूस आवडायला लागला होता, आणि यानंही त्या दोघांसारखंच सांगितलं तर? म्हटलं, आत्ताच काय तो निकाल लागू दे. भाता ओढला —

"लगीन झाल्यावर सांगा गवय्या, दडवू नका बात,
पेटीवर राहील का पिठात राहील बेबीनंदाचा हात?"

त्यानं डोकं खाजवलं... मग कान पकडले. "हरलो. आता तुम्हीच सांगा."

झाली ना पंचाईत! सवाल-जवाबाच्या मुकाबल्याचा कायदाच आहे — सवाल टाकणाऱ्याला जवाब ठाऊक पाहिजे. समोरच्यानं हार मानली, की आपण जवाब द्यायचा. नाही आला, तर हार आपली. आणि हा सवाल मी आलेल्या स्थळांनाच विचारत आले होते. मला कुणी विचारलाच नव्हता.

"मला... गायचंय," मी म्हणाले. यमक नाही, चाल नाही. "म्हातारी होईपर्यंत गायचंय. पेटी सोडणार न्हाई मी."

"बराबर हाय," तो म्हणाला. "मलाबी तेच ऐकायचं होतं. पण तुमच्या तोंडून."

"मंग पिठात हात कोणाचा?"

"माझा की! पार्टीत आठ जण हावोत. कार्यक्रमाला गेल्यावर भाकरी काय तबलजी थापतो?"

"बाता मारू नका. थापून दाखवा."

पठ्ठ्या खरंच उठला! बाह्या सारल्या, परात ओढली, चुलीपुढं बसला. मी पेटी उचलून चुलीजवळ नेली आणि गायला लागले. गडी थापतही होता, ठेकाही धरत होता. भाकर गोल, पातळ, एक चीर नाही. माझीसुद्धा तशी होत नाही, खोटं कशाला बोलू!

तेवढ्यात दारात दादा, त्यांच्यामागं संपतचे काकासाहेब आणि कपबश्या घेतलेली माई. तिघांचीही तोंडं उघडीच.

"अगं, पाव्हण्याला चुलीशी बसवलंस!" माई ओरडली.

काकासाहेब घरून पाठ करून आले होते. त्यांच्या तोंडून तेच निघालं, "मुलीला स्वयंपाक येतो का?"

"काका, मला येतो की," संपत म्हणाला. "तुम्ही त्यांना हे इचारा, मी पसंत हाय का."

सगळे माझ्याकडं वळले. दादांच्या कपाळावर घाम होता. मान खाली घालून हळूच सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण मैदानात गाणारीला हळू बोलणं येतं थोडंच?

"दादा, मला हेच पाहिजेत!"

गल्लीतल्या बाया दारात आल्या. समोरच्या ओट्यावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दादा खाली बसले आणि हसायला लागले. तव्यावरची भाकर जळत होती, आणि संपत ती उलटायची सोडून नुसता माझ्याकडं बघत राहिला.