सिबेला मार्लेरचं खरं साल

फोटोत कबरीपेक्षा बूटच ठळक आला होता.

आनेलीनने संगणकाच्या पडद्यावर तो मोठा करून पाहिला. काळा, चिखलाने माखलेला, नाडी सुटलेला बूट… आणि त्याच्यामागे धूसर दगड. ‘सिबेला मार्लेर. जन्म ३ मे १९१९.’ पुढे मृत्यूचं सालही होतं, पण ते १९९१ आहे यावर तिचा विश्वास बसेना. सिबेला म्हणजे तिची आजी, वडिलांची आई. आणि वडील तर म्हणत आले होते की ती १९५१ साली तापाने गेली.

तीन महिने आनेलीन घराण्याचा माग काढत होती. १६८८ साली जहाजातून दक्षिण आफ्रिकेत, केपला उतरलेल्या मार्लेर नावाच्या द्राक्षवाल्यापासून एकेक पिढी खाली उतरत—बाप्तिस्म्याच्या वह्या, लग्नं, मृत्युपत्रं, सगळं घरबसल्या. सप्टेंबरात मार्लेरांच्या वंशजांचा मेळावा होता, आणि तिथल्या भिंतीवरच्या वंशवृक्षात वडिलांना, गिडिअनना, आपलं नाव पाहायचं होतं. त्यांच्या फुप्फुसांचं आता काही खरं नव्हतं. डॉक्टर सप्टेंबरचं नावच काढत नसत.

कबरींच्या संकेतस्थळावर तो फोटो टाकणारा होता कुणी क्लेमंट फेब्रुवारी. तिने त्याला लिहिलं, ‘साल नीट वाचता येत नाही. तुमचा बूट मात्र छान आलाय.’

दहा मिनिटांत उत्तर. ‘बुटाचीही जन्मतारीख हवी का?’

‘डोळे तपासून घ्या. पार्लमध्ये मी तेच काम करते. मोठ्या चर्चशेजारचं चष्म्याचं दुकान.’

शनिवारी जुलैचा गार पाऊस तिरपा लागला होता, आणि तो खरंच आला. उंच, सावळा, केसांतून पाणी निथळत असलेला. यंत्रावर हनुवटी टेकवून मुकाट बसला.

“नाव?”

“फेब्रुवारी.”

“महिना नाही विचारला.”

“जन्म जूनचा. आडनाव फेब्रुवारी.” तो हसला. “आमच्या मूळपुरुषाला ज्या महिन्यात विकत घेतलं, तेच त्याचं नाव पडलं. तुमचे लोक जहाजातून आले, तसे आमचेही आले. फक्त यादी वेगळी. माझा शोध त्या यादीपाशीच संपतो… म्हणून दर रविवारी दुसऱ्यांच्या कबरींचे फोटो काढत हिंडतो.”

आनेलीनने यंत्राचं भिंग फिरवलं. “त्या दगडावरचं साल—”

“एक्क्याण्णव. मी तेरा वर्षांचा होतो, मूठमाती दिली मी. सिबेला आजी आमच्याकडे मागच्या खोलीत राहायची. नात्याची नव्हे हं, भाडेकरू. अडतीस वर्षं राहिली. मला वाचायला तिनेच शिकवलं. जॅमच्या कारखान्यातून दमून यायची, आणि तरी—” तो थांबला. “अहो… डोळे माझे तपासताय ना? मग तुमचे का भरले?”

अडतीस वर्षं! नदीच्या पलीकडे, सावळ्यांच्या वस्तीत. पूल ओलांडला की दहा मिनिटांवर.

त्यानंतरचे रविवार ती पूल ओलांडू लागली. दगडावरचं शेवाळ दोघांनी मिळून खरवडलं. ती फोटो काढत असताना त्याने छत्री धरली ती दगडावर.

“अरे, माझ्यावर धर की! भिजतेय मी.”

“‘धर’?” त्याने भुवया उडवल्या. “मागच्या रविवारपर्यंत तर ‘धरा’ होतं.”

“पावसात इतका आदर परवडत नाही,” ती म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ तिला त्याच्याकडे बघताच आलं नाही.

१९५१च्या सुमाराला काय घडलं ते त्यानेच सांगितलं. सरकारने माणसं रंगावरून वाटून घेतली. नवरा गोरा ठरला, सिबेला ठरली नाही. नवरा मुलाला घेऊन दूर पार्लला आला आणि बायको वारली असं सांगू लागला. दोन वर्षांनी तीही मागोमाग आली, पण नदीच्या दुसऱ्या काठाला. गंमत म्हणजे त्या १६८८च्या द्राक्षवाल्याचं रक्त नवऱ्याचं नव्हतंच. ते होतं सिबेलाचं; मार्लेर हे तिचं माहेरचं आडनाव. मेळाव्याच्या भिंतीवर चढायचं तर गिडिअनना तिच्याच हाताला धरून चढावं लागणार होतं.

आनेलीनने तो फोटो वडिलांच्या पांघरुणावर ठेवला.

“काढून टाक,” ते म्हणाले.

“पा, तुम्हाला ठाऊक होतं?”

नाकातल्या नळीतून हवा सूं सूं करत होती. “जहाजाची गोष्ट तीच सांगायची मला. झोपवताना. एकदा शाळेच्या कुंपणापाशी आली होती. मी दहा वर्षांचा. पोरांनी विचारलं, कोण रे ती? मी म्हटलं… आमची कामवाली.”

आनेलीनने मग क्लेमंटबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “त्या माणसाला आण.”

क्लेमंट आला, तो स्वच्छ सदरा घालून. गिडिअननी त्याला बस म्हटलं नाही. आनेलीननेच खुर्ची ओढली. तो काठावर टेकला.

“तिने… माझं नाव काढलं कधी?”

आनेलीनने त्याच्याकडे पाहिलं. हो म्हण. एवढंच म्हण.

“नाही, ऊम,” क्लेमंट हळूच म्हणाला. काका म्हणावं तशा मायेनेच म्हणाला, पण म्हणाला. “कधीच नाही. विचारलं की सांगायची, मला मूल नाही. माझ्या आजीने एकदा फार खोदलं तेव्हा कळलं. कचेरीत साहेबाने तुमच्याकडे बोट दाखवलं होतं. म्हणाला, हा तुझा असेल तर याचंही नाव तुझ्याच यादीत, गोऱ्यांच्या नाही. ती म्हणाली, माझा नाही, सवतीचा आहे. आणि मग आयुष्यभर तेच म्हणत राहिली. चुकून नाव तोंडातून निघालं आणि कुणी ऐकलं तर, म्हणून.”

गिडिअननी तोंड भिंतीकडे फिरवलं.

दारात आनेलीनने त्याला गाठलं. “एक ‘हो’ म्हणायला तुझं काय जात होतं? मरायला टेकलेत रे ते!”

तो पावसात चालू लागला.

चार दिवस वडील कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, “वंशावळीत साल बदल. आणि तिच्याखाली मुलाचं नाव लिही. पूर्ण.” आनेलीनने त्यांच्यासमोरच लिहिलं. ते बघत होते की नाही, कळलं नाही. आईच्या कबरीपर्यंत मात्र ते गेलेच नाहीत. ऑगस्टच्या बाराव्या दिवशी संपले. प्रेतयात्रेला नदीपलीकडून कुणी आलं नव्हतं. तिने कुणाला कळवलंच नव्हतं.

सप्टेंबर आला. मेळाव्याला ती गेली नाही. त्या सकाळी ती पूल ओलांडून क्लेमंटच्या अंगणात उभी राहिली. तो शिडीवर होता, भिंतीत तार बसवत.

“पा गेले,” ती म्हणाली.

“वर्तमानपत्रात वाचलं.” तो खाली उतरला. “यावंसं वाटलं होतं. पण तू दारात जे बोललीस त्यानंतर… अजून रागावली आहेस?”

“हो.”

“मग आलीस कशी?”

“घरात नुसतं राग धरून बसवेना.” ती शिडीजवळ आली. “का नाही बोललास खोटं? सांग ना.”

क्लेमंट हातातल्या पक्कडीकडे बघत राहिला. “त्यांच्यापुरतं असतं तर बोललो असतो गं. तिथे तू उभी होतीस. त्यांना दोन-चार आठवडे फसवलं असतं, पण तुला मला… फार वर्षं तोंड दाखवायचंय. म्हणजे, तुझी हरकत नसेल तर. तुझ्या बाजूचे लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे. माझ्या बाजूचेही काही हार घेऊन उभे नाहीत.”

“माझ्या भावाने फोन उचलणं सोडलंय,” ती म्हणाली. “ते नाव लिहिल्यापासून.”

“मग?”

“मग काही नाही. मला तू हवा आहेस.”

तिने त्याचे हात हातात घेतले.

“चुन्याने मळलेत,” तो पुटपुटला.

“असू देत.”

आणि बापाला पुरतानाही न आलेलं रडू तिला तिथे, त्या अंगणात, भर सकाळी आलं. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. क्लेमंटने तिकडे पाहिलंही नाही. तिचं रडणं होईस्तोवर तो तिला धरून तसाच उभा राहिला.