तेलाचं बोट

नऊच्या ठोक्याला वृंदा तबकड्यांना भरवायला बसली. रुपयाएवढ्या चोवीस त्वचा आणि प्रत्येकीखाली पोषकद्रव्याचे चार गुलाबी थेंब. घरी आठ महिन्यांची लेक रेवा या वेळी आजीच्या हातून पेज खात असेल आणि आपण इथे परक्या पेशींना वेळेवर भरवतोय, हे मनात आलं की तिला हसू यायचं.

शस्त्रक्रियेत उरलेल्या मानवी कातडीतून पेशी घेऊन अशी त्वचा वाढवता येऊ लागली, आणि चिपळूणजवळच्या या प्रयोगशाळेत चाचणीसाठी ससे येणं थांबलं. त्याला सहा वर्षं झाली होती. पिंजऱ्यांच्या खोलीत आता रिकामी खोकी होती. त्वचेवर रसायन घालायचं, धुवायचं आणि मग रंग सोडायचा. जिवंत पेशी जांभळ्या होतात, मेलेल्या फिक्या राहतात. तो रंग ‘पारखी’ वाचायची. पारखी ही सशांच्या जुन्या नोंदींवर शिकवलेली संगणकप्रणाली. द्रवाची जात आणि हा फिकेपणा पाहून सशाची पाठ किती लाल झाली असती, ते ती सांगे.

आज चौऱ्याहत्तर क्रमांकाचा द्रव होता. कारखान्यातल्या माणसांनी हाताचं ग्रीस काढायला वापरायचा. वृंदासमोरची त्वचा तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी पडली होती.

पारखीने उत्तर दिलं: दाह शून्य.

तिसऱ्यांदा. वृंदाने तबकडी बदलून पाहिली होती, रंगाची बाटली बदलली होती, एकदा तर वैतागून पडद्यावर टिचकीही मारली होती. पाचच्या आत प्रमाणपत्रावर तिची सही हवी होती आणि कंपनीचा माणूस बाहेर तिसरा चहा पीत बसला होता.

प्रयोगशाळेचे प्रमुख गद्रे सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “पारखीने बारा हजार ससे पाहिलेत. तू किती पाहिलेस?”

एकही नाही, हे खरंच होतं. पण मेलेली पेशी तिला कळत होती. ती तणतणत जुन्या नोंदी उघडून बसली. दुपारपर्यंत एक गोष्ट लक्षात आली. या जातीच्या, पाण्यात विरघळणाऱ्या द्रवांच्या सगळ्या नोंदी याच इमारतीतल्या सशांच्या होत्या, आणि सगळ्या शून्याच्या आसपास.

ती इंदूमावशींकडे गेली. एकोणीस वर्षं त्यांनी इथले ससे सांभाळले होते, आता त्या काचसामान धुवायच्या. सशांचं काम कसं चालायचं, असं विचारताच त्यांचा चेहरा उजळला. पाठीवरचे केस आदल्या दिवशी कसे उतरवायचे, कान कसे धरायचे, कोण कुरकुरायचं आणि कोण हातात झोपायचं, सगळं त्या सांगत बसल्या.

“आणि केस काढले की कातडी ताणते हो बाळांची. मग घरी जाताना नारळाच्या तेलाचं बोट फिरवायचे मी.”

वृंदाने चमकून विचारलं, “सगळ्यांना?”

“एकाला लावायचं, एकाला नाही, असं करवतं का ताई?”

तेलाच्या पुसटशा थराने पाणी अडवलं होतं. द्रव कातडीपर्यंत नीट पोचलेच नव्हते. आणि मावशींची माया सगळ्यांना सारखीच मिळाल्यामुळे कुठलाही ससा वेगळा दिसला नव्हता. ती खोटी शून्यं पारखीने इमानदारीने पाठ केली होती.

ऐकून गद्रे सरांनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी हिशेब मांडला. आतापर्यंत पारखीच्या भरवशावर अशा अकरा द्रवांना मान्यता दिली गेली होती. नोंदी चूक आहेत असं कळवलं, तर नियमात दुरुस्तीचा एकच मार्ग होता: तेच प्रयोग सशांवर पुन्हा.

“आणायचे का ससे?” त्यांनी विचारलं. आवाजात आता टोमणा नव्हता.

वृंदाला राग आवरेना, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना. सही न करता कागद तसाच टाकून ती धुण्याच्या खोलीत गेली. मावशी नळाखाली बाटल्या विसळत होत्या. बेसिनजवळ द्रव साबणाचा कॅन होता, त्यावरचा क्रमांक तिने वाचला. त्या अकरा द्रवांपैकीच एक.

“मावशी, हात बघू.”

त्या ओशाळल्या, पदराला पुसून त्यांनी हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या, काही ओल्या. त्यांवर तेलाची चकाकी होती.

“हा नवा साबण आल्यापासून आग होते जरा. तेल लावलं की निभतं.”

“सांगितलं का नाही कुणाला?”

“कुणी विचारलंच नाही.”

वृंदाने ते हात तसेच हातात धरून ठेवले. नियमाच्या पुस्तकात सशांसाठी रकाना होता, पारखीसाठी होता. या हातांसाठी नव्हता. ससे न आणता तो आपणच आखायचा, असं ती मनाशी ठरवत होती, तोवर मावशींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहून काय ते ओळखलं असावं.

“ताई,” त्या हळूच म्हणाल्या, “मी तेल लावायला नको होतं का?”