गावभर एकच ‘उचलू नको’

“सदतीस!” रंजीताताईंनी हातातला मोबाईल उंच धरला. “काल पहाटेपासून सदतीस फोन केले मी. एकानं तरी उचलला का?”

फळीवर एकच गलका झाला. फळी म्हणजे तेंदूपानांचे पुडे मोजून द्यायची जागा. सावरटोल्यात मे महिना हा पानांचा महिना. पहाटे पाचला बाया जंगलात जायच्या, दुपारी अंगणात बसून पुडे बांधायच्या आणि संध्याकाळी इथे आणायच्या. आज मात्र पुड्यांकडे कोणाचं लक्षच नव्हतं. काल नाल्याजवळ वाघिणीनं एक गोऱ्हा मारला होता, आणि तिथून शंभर पावलांवर बाया पानं तोडत होत्या! वाघीण कुठे आहे ते कळलं की फोन करून सगळ्यांना सावध करायचं, हे रंजीताताईंचं काम. त्या वनरक्षक होत्या आणि या गावात येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता.

“खोटं नोका बोलू, गार्डबाई!” पोलीसपाटील डोमाभाऊ गरजले. त्यांचा आवाज मुळातच असा, की ते हळू बोलले तरी शेजारच्या गावात कळावं. “माह्या फोनवर तुमचा एकही फोन आला नाई! असंच चाललं तं एखादी बाई जीवानं जाईन, समजलं?”

रंजीताताईंनी मोबाईल खाली घेतला. त्यांचे डोळे भरून आले, ते फक्त दिव्यानीनं पाहिलं. दिव्यानी यंदा आठवीत जाणार होती. तिची आई नीलाबाई काल नाल्याजवळच पानं तोडत होती आणि उद्याही जाणार होती.

“आफ्रीन,” ती मैत्रिणीच्या कानाशी लागली, “ताई खोटं बोलत नाईत. डोमाभाऊ पन नाई. मंग फोन जाऊन कुठी राह्यले?”

आफ्रीन म्हणजे शिवणकाम करणाऱ्या जाफरभाईंची मुलगी. मोबाईलमधलं तिला गावात सगळ्यात जास्त कळायचं. ती काही बोलणार, तेवढ्यात दिव्यानीचा दहा वर्षांचा भाऊ पियुष पुढे घुसला.

“ताई, लावा ना डोमाभाऊले फोन! आत्ता, सगळ्याच्या समोर!”

रंजीताताईंनी फोन लावला. डोमाभाऊंच्या खिशात गाणं वाजलं. त्यांनी फोन काढला, पाहिला आणि शांतपणे परत खिशात ठेवला.

“डोमाभाऊ, वाजून राह्यला ना!”

“वाजू दे. फसवनारा आहे कोनी तरी. दिवसातून चार वेळा येते. पाह्य, फोनच सांगून राह्यला!”

मुलांनी वाकून पाहिलं. पडद्यावर ठळक अक्षरं होती : ‘उचलू नको’.

“अहो, तो माझाच फोन आहे!” रंजीताताई ओरडल्या.

मग नीलाबाईनं आपला फोन काढला. रंजीताताईंनी तिला लावून पाहिलं. ‘उचलू नको’! तिसऱ्या बाईला लावलं. ‘उचलू नको’! चौथीला, पाचवीला, तेच!

“मले वाटलं कंपनीच इशारा देते,” नीलाबाई म्हणाली. “आजकाल ठकवनारे लय झाले ना!”

“हे पोट्ट्याहीचंच काम!” डोमाभाऊंनी निकाल लावून टाकला. “गेम खेळाले फोन घेतात आन् नावं बदलतात! कान पिळले पाह्यजे एकेकाचे!”

“आमी काऊन बदलू?” पियुष भडकला. पण ऐकतं कोण!

दिव्यानीनं डोमाभाऊंच्याच फोनमध्ये ते नाव बदलून ‘रंजीताताई गार्ड’ केलं. दोनच मिनिटांत बाया ओरडायला लागल्या. “अवो, माह्या पन फोनात बदललं!” “माह्या पन!” सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुडे मोजायला घेतले.

आफ्रीनच्या कपाळावर मात्र आठी पडली. “एका फोनात बदललं आनि सगळ्यात बदललं? पन आमच्या अब्बांच्या फोनात काहीच नाई आलं. नुसता नंबर दिसते. असं काऊन?”

दुसऱ्या दिवशी बाया पाचलाच जंगलात गेल्या. साडेसहाला तिघं डोमाभाऊंच्या अंगणात हजर! आफ्रीननं येताना अब्बांचा फोन मागून आणला होता. डोमाभाऊ चहा पीत होते.

“भाऊ, फोन दाखवा ना एक डाव.”

“काऊन? अजून काय बदलवाचं आहे?”

कुरकुरत त्यांनी फोन दिला. दिव्यानीनं पाहिलं आणि तिच्या अंगावर काटाच आला. ‘रंजीताताई गार्ड’ गायब! त्या जागी होतं : ‘सांगितलं ना उचलू नको’.

“भूत!” पियुष दोन पावलं मागे सरला.

“भुताले टायपिंग येते का बे?” आफ्रीननं फोन हिसकावला आणि त्याच नंबराचं नाव बदलून लिहिलं : ‘तू कोण आहेस?’

तिघं टक लावून बसली. मिनिट गेलं. दुसरं गेलं. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत अक्षरं बदलली : ‘तूच सांग तू कोण, माझ्या फोनमध्ये काय करतोस’.

“अरे बापरे! जवाब देल्ला!” डोमाभाऊंच्या हातातला चहा बशीत सांडला.

आफ्रीन भराभर फोनच्या सेटिंगमध्ये शिरली. कोणाच्या खात्यात हे नंबर जमा होतात ते तिनं शोधलं आणि चुटकी वाजवली. “सापडला! गुलाब मोबाईल, सिंदेवाही!”

“गुलाबकडूनच तं घेतला फोन,” डोमाभाऊ म्हणाले. “मीच काय, अख्ख्या गावानं घेतला. त्यानंच चालू करून देल्ला. म्हने, खातं लागते, तुमच्याकडे नाई तं मी माह्यंच टाकून देतो, टेन्शन नोका घेऊ.”

“आनि माह्या अब्बांनी नागपुरातून आनला! म्हनून त्यात नाव नाई!” आफ्रीन उड्याच मारायला लागली. “भाऊ, तुमी फोनमध्ये नंबर टाकला की तो आपोआप खात्यात जाते. सगळ्यायचं खातं एकच. म्हनजे अख्ख्या गावाची वही एकच! एकानं खोडलं की सगळ्यायचं खोडलं!”

दिव्यानीनं नावांची यादी उघडली. अकराशे नावं! ‘आई’ एकतीस वेळा. ‘मोठी बाई’ चौदा वेळा.

“माही आई तं वारून बारा वर्सं झाले,” डोमाभाऊ पुटपुटले. “मले वाटे, हे नावं फोनसंगच येतात.”

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर आलं : ‘तूच सांग तू कोण, माझ्या फोनमध्ये काय करतोस’. दिव्यानीनं झटकन उचलला.

“कोण? दिव्यानी?” रंजीताताईंना धाप लागली होती. “ऐक! वाघीण नाला ओलांडून हिरडीच्या टेकडीकडे निघालीय. सोबत दोन पिल्लं आहेत! बायांच्या पाच टोळ्या तिकडेच आहेत, एक्केचाळीस जणी! मला पोचायला अर्धा तास लागेल. सगळ्यांना फोन लावतेय, पण कोणी उचलतच नाही गं!”

आई! आईचा नंबर तिला पाठ होता. तिनं लावला. बंद! रात्री लाईट गेली होती, आईचा फोन चार्ज झालाच नव्हता.

“मंग दुसऱ्या कोनाले लाव!” डोमाभाऊंनी घाईघाईनं यादीतल्या एका ‘मोठी बाई’ला फोन लावला. पलीकडून सिरोंचाची कोणी बाई तेलुगूत बोलायला लागली! मग त्यांनी एका ‘आई’ला लावला. “कोन रे बाबू? जेवला का?” गडचांदूरची कोणी म्हातारी प्रेमानं विचारत होती. डोमाभाऊंनी कपाळाला हात लावला. अकराशे नावांतल्या आपल्या गावच्या बाया कोणत्या, हे ओळखायचं कसं?

“नाव!” दिव्यानी एकदम किंचाळली. “सगळ्यायचे बरोबर नंबर ताईकडे आहेत. फक्त नाव बदललं की बाया उचलतीन! टेकडीवरून टॉवर समोरच दिसते, तिथी नेट फुल राह्यते!”

तिनं लिहिलं : ‘वाघ! लवकर उचला’. आणि रंजीताताईंना सांगितलं, “ताई, दोन मिनिटं थांबा. मंग सगळ्यायले परत लावा!”

पण मिनिटभरातच अक्षरं पुन्हा बदलली! ‘आता मी पोलिसात जातो’.

“हा बदलवतच राहीन!” पियुष रडकुंडीला आला.

“त्याले गुंतवते मी!” आफ्रीननं डोमाभाऊंचा फोन उलटा केला. मागच्या कव्हरवर गुलाबच्या दुकानाचा नंबर छापलेला होताच. तिनं अब्बांच्या फोनवरून तो फिरवला आणि घसा खाकरून मोठ्या बाईसारखा आवाज काढला.

“हॅलो, गुलाबभाऊ? सावरटोल्याहून बोलते. आमच्या घरी शादी आहे. अकरा फोन पाह्यजेत.”

“अकरा?” गुलाबचा आवाज एकदम साखरेत घोळला. “बोला ना बाई, बोला! लिहून घेतो! थांबा, एका माणसाशी जरा भांडन चालू आहे...”

“मंग राहू द्या, दुसऱ्या दुकानात पाह्यतो.”

“नाई नाई! भांडन गेलं चुलीत! रंग सांगा!”

“तीन निळे. म्हनजे आकाशी नाई, मोराच्या मानेसारखा. आहे का?”

इकडे दिव्यानीनं पुन्हा लिहिलं : ‘वाघ! लवकर उचला’. एक मिनिट. नाव तसंच! दोन मिनिटं. तसंच! आफ्रीन चौथ्या फोनच्या काचेबद्दल विचारत होती, पियुष तिला बोटांनी खुणावत होता, “अजून! अजून बोल!” डोमाभाऊ आयुष्यात पहिल्यांदा इतके गप्प बसले असतील.

सहा मिनिटं झाली. नऊ झाली. दिव्यानीच्या मनात नको नको ते येत होतं. आणि फोन वाजला!

“उचलला!” रंजीताताई हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. “पहिल्या घंटीला उचलला गं! पाचही टोळ्या मागे फिरल्या!”

साडेआठला बाया गावात यायला लागल्या. दिव्यानी रस्त्याच्या तोंडाशी उभी राहून मोजत होती. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळिसावी दिसेना! तिचा जीव कासावीस झाला. मग वळणावर एक पानांचं गाठोडं दिसलं आणि त्याखाली आई.

“तुले जीवापेक्षा पानं जास्त झाले का?” दिव्यानी धावत जाऊन तिला बिलगली आणि हमसून हमसून रडायला लागली.

“मंग काय वाघिनीले देऊ?” नीलाबाई म्हणाली खरी, पण तिनं गाठोडं तिथेच टाकलं आणि लेकीला पोटाशी घट्ट धरलं.

थोड्या वेळानं रंजीताताई आल्या. त्यांनी टेकडीवर काढलेला फोटो दाखवला. कोणीतरी घाईत टाकून आलेली पानं, त्यांच्या शेजारी वाघिणीचा मोठा पंजा आणि मागे दोन चिमुकले पंजे.

दहा वाजता गुलाब मोटारसायकलवरून आला. मागे अकरा खोकी बांधलेली!

“कोनाच्या घरी शादी आहे?” त्यानं हसत विचारलं.

“या जावई!” डोमाभाऊंनी त्याचा दंड पकडला. “तुहीच वाट पाहून राह्यलो!”

रंजीताताईंनी त्याला पाहताच ओळखलं. “तुम्ही! माझी पॉवर बँक दुरुस्तीला घेऊन तीन आठवडे झाले! रोज फोन करते, उचलत का नाही?”

गुलाबनं जीभ चावली. पॉवर बँक त्याच्या हातून बिघडली होती. बाई रोज विचारतात म्हणून त्यानं त्यांचा नंबर ‘उचलू नको’ नावानं टाकून ठेवला होता. “पन मी तं माह्याच फोनात टाकला! मले वाटलं, कोनी माहा फोन हॅक केला!”

“तुमचा फोन आनि आमचा फोन एकच आहे, गुलाबभाऊ,” आफ्रीन गोड आवाजात म्हणाली. “तुमच्या घरच्या काकूंचा नंबर पन अख्ख्या गावाकडे आहे, तुमी टाकलेल्या नावासकट. दाखवू?”

गुलाबचा चेहरा पांढराफटक पडला. मग पोलीसपाटलांनी हुकूम सोडला : प्रत्येकाचं वेगळं खातं, ज्याचे नंबर त्याच्या फोनात, एक पैसा न घेता, आजच्या आज! गुलाब फळीवर मांडी घालून बसला. आफ्रीन प्रत्येक फोन तपासूनच पुढे सोडत होती, आणि पियुष गुलाबला पाणी प्यायलासुद्धा उठू देत नव्हता.

संध्याकाळी डोमाभाऊंनी सगळ्यांसमोर रंजीताताईंना हात जोडले. “गार्डबाई, चुकलो मी. लय वाईट बोललो.” मग ते मुलांकडे वळले आणि त्यांचा आवाज पूर्वीसारखा दणदणीत झाला. “कान पिळतो म्हटलं होतं या पोट्ट्याहीचे! आज यायच्यामुळं एक्केचाळीस घरात चूल पेटून राह्यली! वाजवा टाळ्या!”

टाळ्या थांबेचनात. रंजीताताईंनी तिघांनाही जवळ ओढलं. “या तिघांसारखी माणसं असली, तर हे जंगल सांभाळायला मला कधी एकटं वाटणार नाही,” त्या म्हणाल्या.

नीलाबाई मात्र गर्दीतून केव्हाच घरी गेली होती. तिच्या फोनमध्ये आता सव्वीस नावं उरली होती. सगळी तिची स्वतःची माणसं. ओट्यावर पाय पसरून तिनं पहिला फोन भावाला लावला.

“दादा, ऐक ना! माह्या दिव्यानीनं एक्केचाळीस बाया वाचवल्या! वाघीन होती, संग दोन पिल्लं!”

तिसऱ्या फोनला पिल्लं तीन झाली. सहाव्या फोनपर्यंत ती चार झाली आणि वाघीण बैलाएवढी.

“आई, पुरे ना वं!” दिव्यानी लाजून लाल झाली होती.

“चूप बस,” नीलाबाई पुढचा नंबर शोधत म्हणाली. “अजून वीस जन बाकी आहेत!”